केसपेपरवरचं खोटं

"हा प्यायलेला आहे. उतरली की आणा."

अण्णा, माझे वडील, नगरच्या एका खासगी दवाखान्यात फरशीवर पडले होते. तोंड वाकडं. उजवा हात मेल्यासारखा. बोलायला गेले की नुसतं 'ब ब' यायचं. उसाच्या फडात तोडता तोडता कोसळले होते. आम्ही पाथर्डीकडचे. आईनं आणि मी त्यांना टेम्पोत घालून आणलं. मी चौदा वर्षांची.

डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. वास घ्यायलासुद्धा वाकला नाही. आमचे कपडे बघितले, पायांचा चिखल बघितला आणि ठरवलं.

मी म्हणाले, "माझा बाप दारू पीत नाही."

तो नर्सकडे बघून हसला. "ऊसतोडीवाले सगळे असंच म्हणतात."

आम्ही बाहेर बसलो. जी चढलीच नव्हती ती उतरायची वाट बघत.

अण्णा पुढं सहा वर्षं जगले. एकही शब्द न बोलता. गावात लोक म्हणायचे, "लवकर न्यायला पायजे हुतं." आई मान खाली घालायची. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तेव्हा नगरला नव्हतं, हे मला आज माहीत आहे. पण माणसाला हात लावायला कुठलं इंजेक्शन लागतं?

मी मेंदूची डॉक्टर झाले. नगरलाच आले. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, सावेडीत फ्लॅट. आणि मी बदलले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

गेल्या हंगामात फडावरून एक बाई आली. चाळिशीची. डावी बाजू सकाळीच गेलेली. दुपारचे दोन वाजले होते. गुठळीचं ते इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती. मी तिच्या नवऱ्यावर ओरडले, "इतका वेळ काय करत होतात? अंगारेधुपारे? कधी सुधारणार तुम्ही लोक?"

तुम्ही लोक. माझ्या तोंडून.

तो शांतपणे म्हणाला, "न्हाई बाई. सकाळी सातला वारं गेलं अंगावरनं. नऊला आमी हितंच हुतो. खाली म्हनले, अपॉइंटमेंटवाले हायेत, बाजूला बसा. बसलो."

मी खाली जाऊन कॅमेरा बघितला. नऊ वाजून दहा मिनिटं. बायकोला पाठीवर घेऊन तो आत येतोय. दुपारपर्यंत ती भिंतीला टेकलेली. माणसं तिचे पाय ओलांडून जातायत. मी वर तिसऱ्या मजल्यावर होते.

परत आले. त्याच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "चूक आमची. माझी पण."

त्यानं एवढंच विचारलं, "हात येईल का तिचा?"

मी उठून तिचा डावा हात हातात घेतला.

संध्याकाळी आमच्या प्रमुख डॉक्टरांनी केसपेपर पुढं सरकवला. "लिहा, नातेवाइकांनी उशिरा आणले."

"खोटं आहे, सर."

"मॅडम, त्यांना काय कळतंय? तुम्हीही त्यांच्यातल्याच, म्हणून भावनिक होताय."

"हो. त्यांच्यातलीच."

मी लिहिलं: रुग्ण नऊ वाजून दहा मिनिटांनी दारात. डॉक्टरांनी पाहिले दोन वाजता. सही केली. त्याची प्रत नवऱ्याच्या हातात दिली. महिन्याभरात मला नोकरी सोडायला सांगितलं. सोडली.

आता भिंगारला छोटा दवाखाना आहे. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी पाथर्डी-शेवगावच्या वस्त्यांवर जाते. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, की लगेच निघा, हे शिकवते. पण ते अर्धंच. उरलेलं बायांकडून मोठ्यानं म्हणवून घेते: "वारं सातला गेलंय. आत्ता तपासा. न्हाई तपासत, तर तसं लिहून द्या."

पहिल्यांदा कुणाचा आवाजच निघत नाही. पदर तोंडावर जातो. मी पुन्हा म्हणवते. तिसऱ्या खेपेला एखादी म्हातारी असं ठासून म्हणते, की बाकीच्या वळून तिच्याकडं बघतात.

परवा एका मोठ्या डॉक्टरचा फोन आला. "तुम्ही पेशंट आमच्या अंगावर घालताय."

"हो, घालतेय," मी म्हणाले. "अजून बऱ्याच वस्त्या राहिल्यात."