पाहुण्यानं घासलेला संडास

१९९८ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. शिरोलीतली फौंड्री बंद पडली आणि भट्टीवरच्या माझ्या जोडीदाराला घेऊन मी साफसफाईचा धंदा काढला. जोडीदार बौद्ध, मी शेतकरी घरचा. तो गोड बोलायचा. मी तोंड उघडलं की भांडण. म्हणून ठरलं, बोलायचं त्यानं, घासायचं मी. थोरल्या भावानं हे ऐकलं आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. आपल्यात असली कामं कुणी केली नाहीत, म्हणाला, महिनाभरात झाडू टाकून घरी बसशील. झालं. मी हट्टाला पेटलो.

पहिलं काम कसबा बावड्यात मिळालं. नवा बंगला, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, आणि संडास-बाथरूमच्या फरशीवर गवंड्यांनी सांडलेलं सिमेंट वाळून दगड झालेलं. मालकानं आधी आडनावं विचारली. माझं आडनाव, गाव ऐकलं आणि त्याच्या मेहुणीच्या दिराकडून आमचं नातंच निघालं. लगेच मला खुर्ची आली, चहा आला. जोडीदाराकडं बोट दाखवून मालक म्हणाला, "तुम्ही बसा, पावणं. ह्यो घासंल की."

हे काम हुकलं तर भाऊ जिंकला, हे मला कळत होतं. पण मी उठलोच.

"त्यो न्हाय घासत. त्यो बोलायचं बघतो. घासायला मी हाय."

"आवो, लोक काय म्हणतील? पावण्याकडनं संडास घासून घेतला?"

"मग उद्या पावण्यांस्नी शेतात धाडा."

जोडीदार शांतपणे माझ्या रिकाम्या खुर्चीत बसला, माझाच चहा प्याला आणि अगदी गोड आवाजात त्यानं मालकाला विचारलं, आम्ही निघू का?

मालकानं बायकोकडं बघितलं. तिनं एवढंच सांगितलं की उद्या शंभर माणूस जेवायला आहे, नातं नंतर बघा. मालक नाइलाजानं तयार झाला, पण कुणाला कळू देऊ नका म्हणून हात जोडले. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. अंधार पडेपर्यंत ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन घासत बसलो. निघताना, नातं निघालेलं असल्यामुळं, बिचाऱ्याला आम्हा दोघांना जेवणाचं आवताण द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडक इस्त्रीची टोपी घातली, जोडीदाराला लुनावर मागं बसवलं आणि सगळ्यांच्या आधी बंगल्यावर हजर झालो. संडास कुठं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः दारापर्यंत सोडलं आणि सांगितलं, "बिनघोर बसा, पावणं. मीच घासलाय."