भरल्या खाटांचा पगार

किती आरोपींचे चेहरे आता पुसट झाले, पण वाशीमच्या त्या सिस्टरचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. सत्तरचं दशक होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी तिथे फौजदार होतो.

गावात एका कंपनीचा मोठा खासगी दवाखाना होता. इतर शहरांतही शाखा होत्या. नव्या मॅनेजरने नियम काढला: वॉर्डातल्या खाटा भरलेल्या राहिल्या तर सिस्टरांना पूर्ण पगार, रिकाम्या पडल्या तर कपात. म्हणजे डॉक्टरांनी घरी जा म्हटलेल्या रोग्यालाही काहीतरी भीती घालून थांबवायचं. एक सिस्टर याला आडवी आली. जवळच्याच रिठद गावच्या बौद्ध शेतमजुराची मुलगी, घराण्यात शिकलेली पहिलीच. बाकीच्याही तिच्यामागे उभ्या राहिल्या.

लवकरच मॅनेजरची फिर्याद आली: महागडी इंजेक्शनं चोरीला गेली. पाठोपाठ कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर ठाण्यात आला. "सायेब, मी सोता पाह्यलं. त्या सिस्टरच्या खोलीत, खाटेखाली, ट्रंकेत हाय माल."

पंच घेऊन झडती घेतली. माल तिथेच मिळाला. पंचनामा करून तिला ठाण्यात आणलं आणि दवाखान्याच्या मेट्रनला, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुख बाईंना, सोबत बसवून चौकशी सुरू केली. ती रडली नाही, सरळ म्हणाली,

"ट्रंक माही हाय सायेब. माल माहा नाही."

तेवढ्यात मॅनेजर आला. चोरी कबूल करून तिने राजीनामा लिहून द्यावा, फिर्याद मागे घेतो, म्हणाला. व्हरांड्यात बसलेला तिचा बाप उठला, त्याने हात जोडले. "दे लिहून, पोरी. इज्जत तं राहीन."

"बा, चोर म्हणून लिहून देल्यावर कोनती इज्जत राह्यते? जेलात टाकाचं असंन तं टाकू द्या मले."

ज्याची चोरी होते त्याला माल हवा असतो. मॅनेजरने मालाबद्दल एक शब्द विचारला नाही, राजीनामा तेवढा मागितला. मी ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं.

"खोलीतलं तुला कसं दिसलं?"

"दारातून, सायेब."

सिस्टरांच्या क्वार्टरला उंच भिंत होती आणि फाटकावर म्हातारी राखणदारीण. पुरुषाला आत जायची बंदी. झडतीच्या वेळी आम्हालाही मेट्रननेच आत नेलं होतं. म्हातारीला ड्रायव्हरबद्दल विचारलं. ती म्हणाली, "थो आलता ना! खाट दुरुस्त कराची हाय म्हने, म्यानेजरनं धाडलं. सिस्टर डूटीवर होती तवा."

हे ऐकवताच ड्रायव्हरने कबूल केलं: माल मॅनेजरनेच दिला होता, ट्रंकेत ठेवला त्याने. "नाही म्हटलं असतं तं नौकरी गेली असती, सायेब. घरी लेकरं हायेत."

मॅनेजरवर खोट्या फिर्यादीचा खटला झाला. मालकांनी त्याला काढलं आणि तो नियमही रद्द केला.

कबुलीच्या दिवशीच सिस्टरला सोडलं तेव्हा ती घरी गेली नाही. वॉर्डात ऑपरेशनचा रोगी होता, तिकडेच निघाली. ठाण्याच्या दाराशी बसलेल्या ड्रायव्हरपाशी मात्र थांबली.

"काहून केलं, भाऊ?"

तो उठून उभा राहिला.

"मले सांगतलं असतं तं तुह्यासाठीबी भांडली असती," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

पगार बुडण्याची भीती त्या दोघांनाही सारखीच होती. पुरावा कसा गोळा करायचा हे मला खात्याने शिकवलं. भीती पोटात असतानाही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे मात्र मी तिच्याकडून शिकलो.