नावानिशी माप घेणारे शिंपीअण्णा

अख्ख्या बसवनगुडीत माणसाच्या अंगाची माहिती आमच्या घराखालच्या शिंपीअण्णांएवढी कुणालाच नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. मी आठवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन सोलापूरकडून इथं आलेली, मला काय कळतंय म्हणा, पण हा माणूस बघून मी गपगार झाले. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरात, मराठी बोलतात पण मधेच कन्नड घालून. दुकान केवढं, तर मशीन ठेवलं की गिऱ्हाइकाला रस्त्यावरच उभं राहायला लागतं. पण लोक पार जे. पी. नगरहून, बनशंकरीहून येतात, कारण ज्यांच्या अंगाला रेडीमेड कपडा बसत नाही त्यांचे कपडे अण्णा शिवतात. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक खांदा खाली. आणि नुसतं माप नाही घेत, आधी डॉक्टरचा कागद मागतात! मग वहीत इंच लिहायच्या आधी दुखण्याचं नाव लिहितात. पाठ पुढं वाकली तर कायफोसिस, कंबर आत गेली तर लॉर्डोसिस, कणा कडेला वळला तर स्कोलिओसिस, छातीचं हाड पुढं आलं तर पेक्टस कॅरिनेटम. आपण नातेवाइकांची नावं घेतो ना, तशी घेतात, एकदाही अडखळत नाहीत.

एकदा एक बाई मुलीला घेऊन आली नि म्हणाली, "अण्णा, हिचं कुबड झाकेल असा ब्लाउज शिवा, पाहुणे बघायला यायलेत." अण्णांनी तोंडातली टाचणी काढली. "कुबड बोलायचं नाही माझ्या दुकानात. कायफोसिस म्हणा. आणि झाकणार नाही मी, बसेल असा शिवतो."

"तेच हो, पण जरा दिसायला नको."

"मग पोरीला घरी ठेवा, पाहुण्यांना ब्लाउज दाखवा."

ती पोरगी काय हसली! आई फणफणत गेली, आणि दुसऱ्या दिवशी गपचूप माप द्यायला परत आली.

माझी छकुली दहा महिन्यांची झाली तेव्हा वाढदिवसाचा फ्रॉक शिवायला म्हणून मी तिला खाली नेली. दूध पिताना ती दमायची, घामाघूम व्हायची, सासूबाई म्हणायच्या उकाड्यानं होतंय, आता बेंगळुरात कसला आलाय उकाडा! अण्णांनी तिच्या छातीभोवती टेप धरली आणि हात तिथंच राहिला. डोळे मिटले. मी विचारतेय, काय झालं, काय झालं.

"स्वल्प थांबा अक्का." मग म्हणाले, "हिच्या छातीत थरथरतंय. मांजर गुरगुरतं तसं. फ्रॉक राहू दे, डॉक्टरकडं जा. उद्या नाही, आज."

डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि सांगितलं, हृदयाची झडप अरुंद आहे, आत फुगा घालून उघडायला लागेल. पुढच्या खेपेला अण्णा दुकान बंद करून बरोबर आले, कानावर पेन्सिल लावून.

"दुखण्याचं पुरं नाव सांगा डॉक्टर."

"पल्मोनरी व्हॉल्व्ह स्टेनोसिस. तुम्ही आजोबा का?"

"टेलर. छाती कुठं कापणार ते सांगा, त्या मापानं झबलं शिवतो."

डॉक्टर हसले, मग त्यांनी अण्णांची वही हातात घेतली आणि हसायचे थांबले. बाहेर एवढी माणसं खोळंबलेली आणि हे आपले एकेक पान उलटतायत! म्हणाले, छाती कापायची नाही, मांडीच्या शिरेतून नळी जाते. "सरी, बरं," म्हणून अण्णांनी वहीतलं झबलं खोडलं आणि घरी येऊन बिनइलॅस्टिकची, कडेला बंद बांधायची चड्डी शिवली, जांघेतल्या पट्टीवर दाब नको म्हणून. आम्हाला कुणाला सुचलं असतं का हो हे?

त्या दिवशी येताना रिक्षात मी विचारलं, "अण्णा, एवढी अवघड नावं पाठ कशाला करता?"

"नाव आहे म्हणजे आधी कुणाला तरी झालंय, अक्का. तुमच्या एकटीच्याच पोरीला नाही." मला रिक्षातच रडू फुटलं.

दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी ते जिना चढून फ्रॉक द्यायला आले. खालची कड ही जाड. उलटून बघते तर आत कापडाच्या तीन घड्या दाबलेल्या, काखेतही मार्जिन ठेवलेलं.

"एवढं कापड आत कशाला अण्णा?"

"वाढेल की ती. वर्षाला एक घडी उसवायची."

मी उद्याच्या पलीकडं बघायलाही घाबरत होते, आणि हा माणूस तीन वर्षं आत शिवून घेऊन आला होता.

झडप उघडली. परत अरुंद होऊ शकते म्हणून दर वर्षी तपासणी आहे, पहिली जवळ आलीय तर मला जेवण जात नाही. काल पहिली घडी उसवायला बसले. टाके एवढे बारीक की सुईच्या टोकानं एकेक शोधावा लागला, आणि छकुली नुसत्या चड्डीवर समोर नाचत "झालं? झालं?" करत होती. घडी सुटली. बाकी फ्रॉक धुऊन धुऊन विटलाय, आतलं तेवढं बोटभर कापड अजून पहिल्या रंगाचं. मी त्यावरनं हात फिरवला. अजून दोन घड्या आत आहेत.