साडभाऊंची चिप

मेमरी कार्ड निवडण्याची अक्कल देवाने पृथ्वीवर एकाच माणसाला दिली आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात आणि मेमरी कार्डाला चिप. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे, वीजकेंद्रात ड्यूटी करणारे हे साडभाऊ चिप घ्यायला निघाले की चंद्रपूरचे दुकानदार शटर ओढण्याच्या बेतात येतात. आधी पाकीट उजेडात धरून बघणार, मग भिंगातून त्यावरचे बारीक आकडे वाचणार, मग 'विचार करून येतो' म्हणून निघून जाणार आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. असे तीन रविवार गेले की एक चिप घरी येते. तिच्यावर विश्वास मात्र तेव्हाही नसतो. ती काठोकाठ भरायची, त्यातलं एकेक उघडून बघायचं, सगळं पुसायचं, आणि मगच ती नोकरीत कायम. गोळ्यांच्या सात खणी डबीत, सोमवार ते रविवार, त्यांच्या चिपा झोपलेल्या असतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिशात सुट्या फिरतात. चिपेला जागाच नसलेला नवाकोरा मोबाईल पुतण्याने कौतुकाने दाखवला, तेव्हा उलटसुलट बघून परत देत म्हणाले, "हा मोबाईल नोहे बाबू, हे डबी आहे."

मी सावली गावच्या शाळेत मराठी शिकवतो. चार लोक गुरुजी म्हणतात. पण चामोर्शीला, आमच्या सासरी, साडभाऊ आले की मी भिंतीवरचं कॅलेंडर होतो. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. कोंबडीची कलेजी त्यांच्या ताटात पडायची आणि मानेचा तुकडा माझ्या. त्याहून राग याचा, की मी ज्या रविवारी जाईन त्याच रविवारी हे गृहस्थ टपकायचे. आमचे सासरे, म्हणजे मामाजी, तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजा होऊन गायचे. मी शेजारी बसून 'ते दरबारातलं होऊ द्या' म्हटलं की आढेवेढे घेत सुरू करत. तेवढ्यात साडभाऊ मोबाईल पुढे धरून बसलेच, वर मला खोकू नका म्हणून खुणा. गाणं संपलं की कौतुक कुणाचं? तर रेकॉर्डिंग किती साफ आलं याचं.

मामाजी गेले. साडभाऊंनी रेकॉर्ड केलेली त्यांची गाणी सासूबाईंच्या मोबाईलच्या चिपेत राहिली. रोज सकाळी तांदूळ निवडताना त्या ती लावायच्या, त्याशिवाय सूप हातात घ्यायच्या नाहीत. एके दिवशी त्यांचा मला फोन आला, चिप भरली म्हणते, काही करा. साडभाऊ ड्यूटीवर होते म्हणून माझी आठवण झाली होती, पण मला ती लॉटरी वाटली. त्या रविवारी साडभाऊंना मुद्दाम न विचारता चामोर्शीच्याच एका दुकानात सगळ्यात मोठी चिप घेतली, पाकीटसुद्धा नीट वाचलं नाही. जुनी चिपही दुकानदाराच्या हातात दिली, "भरून द्या" म्हणालो आणि वांगी घ्यायला गेलो. जुनीतलं नवीत, असं माझ्या मनात. आमच्या भागात चिप भरून देणे म्हणजे दुकानदाराने आपल्याकडची गाणी त्यात घालून देणे, हे आयुष्यभर क्रियापदं शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. परत आलो तर दुकानदार खुशीत होता. "दोन्ही भरल्या गुरुजी. जुनीतला कचरा साफ करून लगनाचे गाणे टाकले."

घरी सासूबाईंनी सूप पुढ्यात ठेवलं, बटन दाबलं आणि वरातीचा डीजे सुरू झाला. आपलंच बटन चुकलं असं वाटून त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. "यायचं गाणं कुठी आहे?" एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात रिवाजाप्रमाणे साडभाऊ दारात. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं आणि चारचौघांत शोभा व्हायची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी डबी काढली, बुधवारचा खण उघडला आणि त्यातली चिप माझ्या मुठीत दाबली. "तुमीच टाका," म्हणाले. मी टाकली. मामाजी गायला लागले. सासूबाईंनी सूप हातात घेतलं आणि गुरुजींनी मोठं काम केलं म्हणाल्या. मी निलाजऱ्यासारखं ते ऐकून घेतलं.

त्या दिवशी कलेजी माझ्या ताटात आली. ती काही गोड लागली नाही. जेवणानंतर ओसरीवर मी मनातलं बोलून टाकलं, की मामाजींचा जीव तुमच्यावरच होता.

साडभाऊ डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. "माह्यावर? मी आलो का मामाजी मोबाईल पुढी करत, पाह्य म्हणत, काऊन बंद पडला. माह्या एकट्यासमोर एक बार बी गायले नाई. मी 'गा ना' म्हणून पाह्यलं दोनदा. तुमी बसले का गात होते. म्हून तुमी येसान त्याच रविवारी मी येत होतो." मग डबी खिशात टाकत म्हणाले, "लय जळत होतो तुमच्यावर."

आत मामाजी दरबारातलं गात होते, आणि मध्येच माझा खोकला ऐकू आला. तो साडभाऊंनी पुसला नव्हता.

हल्ली चामोर्शीला जायचं ठरलं की आदल्या दिवशी मीच त्यांना फोन करून कळवतो. गाणारं आता कोणी नाही. तरी ते येतात, खिशात डबी घेऊन.