मुठीतला अडुळसा
नांदेडहून आलेल्या नातीने कुपी उघडली. अडुळशाचा अर्क अतिसूक्ष्म कणांत भरून खोकल्याचे औषध थेट छातीत पोचवावे, हे तिचे संशोधन. त्या कडवट वासाने मला किल्लारीच्या भूकंपानंतरची दुपार आठवली. ढिगाऱ्याच्या धुळीने छाती भरलेली आई पत्र्याच्या शेडमध्ये खोकत म्हणाली, "लेकरा, गोळी उतरंना. आपल्या कुंपणाचा अडुळसा आण." पडलेल्या घराकडून परतताना शेजारी ओरडला, "सोनं घावलं का रं? मूठ उघड की!" मी उघडली नाही. आईचे औषध मी त्याला का दाखवावे? तिने रस घेतला, पण खोकल्यासरशी तो बाहेर आला. संध्याकाळी ती गेली. गाव आजही सोन्याचीच गोष्ट सांगते. ती खोटी आहे. माझ्या मुठीत पाने होती; ती आईच्या छातीपर्यंत पोचली नाहीत, एवढेच खरे.