घोड्याच्या दारातलं प्यादं

आमचे मामंजी हातात आलेल्या कुठल्याही वस्तूचा आधी वास घेत. दुधा-ताकाचं मी समजू शकते, पण ते नव्या छत्रीचा वास घेत, वर्तमानपत्राचा घेत, दारात कुणी लग्नाची पत्रिका ठेवून गेलं तर तिचाही घेत. मग डोळे बारीक करून म्हणत, "बघू." या 'बघू'मुळे आमच्याकडे दूधवाले टिकत नसत. "विकतचं एकदा हुंगावं, फुकटचं दोनदा," हा त्यांचा मंत्र. आणि हे सगळं तपकिरीची चिमूट नाकात कोंबून झाल्यावर. तपकीर ओढणाऱ्या नाकाला कसला वास येत असेल, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही. मी तर स्वतःला फार हुशार समजत होते.

मी कल्याणची. मॅट्रिक झालेली, आणि वाचनालयातल्या झाडून सगळ्या रहस्यकथा वाचून डोंबिवलीला सून म्हणून आलेली. पहिल्याच सकाळी मी केलेला चहा मामंजींनी नाकाशी धरला आणि कपाच्या काठावरून माझ्याकडे बघत राहिले. झालं. या घरात माझ्यावर विषप्रयोगाचा संशय आहे, असं मी ठरवून टाकलं, आणि उलट मीच त्यांच्यावर पाळत ठेवली.

पाळतीचं फळ लगेच मिळालं. दुपारी सासूबाई पडलेल्या असत, आमचे हे कचेरीत. ओटीवरून मामंजींचा दबका आवाज येई. "ये, पुढे ये. मला दूधखुळा समजलास?" मग कसलीशी खटखट. "आता पळून दाखव." एके दिवशी मी लाटणं पदराआड धरून दाराशी गेले. समोर बुद्धिबळाचा पट, आणि मामंजी एकटेच. त्यांनी पांढरं प्यादं सरकवलं, उठले, पलीकडच्या पाटावर जाऊन बसले आणि आपण नुकत्याच सोडलेल्या रिकाम्या पाटाकडे संशयानं बघू लागले.

"त्याच्या मनात काहीतरी आहे," ते मला म्हणाले. "आणि सूनबाई, ते लाटणं ठेवून ये. पोळ्या सकाळीच झाल्यात."

मग मी दाराच्या चौकटीला टेकून बघत बसायला लागले. मामंजी कोकणातल्या गावी देवळात खेळायला शिकलेले, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार देशी नियमांचा. प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं. आणि ते शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. "ज्याच्या दारात पोचलं त्याच्या घरचं झालं," मामंजी म्हणत. "तुझंच बघ. कल्याणहून निघालीस, आमच्या दारात पोचलीस. आता हो आमच्यासारखी." मला तो शापच वाटला होता.

सासूबाईंचा मात्र त्या पटावर दात होता, आणि त्याला कारण होतं. माझ्या नणंदेला बघायला विठ्ठलवाडीहून पाहुणे आले होते. पोहे होईपर्यंत वेळ जावा म्हणून मामंजींनी मुलाच्या काकांशी डाव मांडला आणि मध्येच त्यांच्यावर मोहरं सरकवल्याचा आळ घेतला. काकांचा हात नुसता पोह्यांच्या बशीकडे जात होता म्हणे. पोहे उरले आणि स्थळ मोडलं. तेव्हापासून सासूबाई संधी शोधत होत्या.

ती ठाण्याच्या स्पर्धेनं दिली. तलावाजवळच्या एका शाळेच्या सभागृहात सामने होते आणि आमच्या ह्यांनी हौसेनं वडिलांचं नाव घातलं. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती मुंबईच्या एका चॅम्पियनशी, ज्याच्यापुढे भलेभले तासाभरात उठतात असा. ही बातमी ह्यांनी मला सांगितली आणि मी ती गरम गरम सासूबाईंच्या पानात वाढली. त्यांनी जेवण होऊ दिलं आणि मग शांतपणे अट घातली. "तो डाव जिंकलात तर पट ओटीवर राहील. नाही तर माळ्यावर. पुन्हा काढायचा नाही."

मामंजींनी पाण्याच्या भांड्याचा वास घेतला. "मंजूर," म्हणाले.

रात्री पट मिटताना ते एकेक मोहरं पुसून ठेवत होते. रोज नुसतीच डब्यात टाकत. ओटी मोकळी झाली की मी पापड कुठे वाळत घालायचे ते ठरवून ठेवलं होतं, पण ते पुसणं बघून पापडांचा विचार जरा मागे पडला.

"तू जा यांच्याबरोबर," सासूबाई मला म्हणाल्या. "हे येऊन काहीही सांगतील. मला डोळ्यांनी बघणारं माणूस हवं." म्हणजे संशयी माणसावर संशय घेऊन त्याच्यामागे हेर पाठवला, आणि तो हेर मी. नवी जरीकाठी नेसून, मामंजींच्या पाठीमागच्याच बाकावर.

चॅम्पियन तरणाबांड होता. अंगात कोट, वागणं अदबीचं. त्यानं बसताच मामंजींपुढे वेलदोडा केला. मामंजींनी तो दोनदा हुंगला आणि खिशात टाकला. खेळ सुरू झाला तशी माणसं त्यांच्या एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांकडे बघून हसायला लागली. चॅम्पियननं दोनदा मोहरं बळी द्यायला पुढे केलं, दोन्ही वेळा मामंजींनी ते घेतलंच नाही. नुसते त्याच्या तोंडाकडे बघत बसले. चॅम्पियन वैतागला आणि घाईनं खेळू लागला. तरी शेवटी मामंजींचा राजा कोपऱ्यात सापडला. पुढच्या खेळीला मात, हे मलासुद्धा दिसत होतं. बाकीची मोहरी लांब अडकलेली, हाताशी उरलं होतं एक प्यादं, शेवटच्या ओळीच्या अलीकडे उभं असलेलं.

मामंजींनी ते पुढे सरकवलं. घोड्याच्या घरात. मग मेलेल्या मोहऱ्यांतून त्यांनी सवयीनं घोडा उचलला, नाकाशी धरला, चॅम्पियनकडे बघितलं आणि प्याद्याच्या जागी ठेवला.

हशा पिकला. चॅम्पियनही हसला, पण माणूस भला. "काका, इथे तुमचे जुने नियम नाहीत, हवं ते मोहरं घेता येतं," तो म्हणाला. "वजीर घ्या ना. माझी हरकत नाही."

"तुम्ही देताय?"

"हो, घ्या."

"मग नकोच," मामंजी म्हणाले. "शह."

चॅम्पियननं तेव्हा कुठे पटाकडे नीट पाहिलं. घोड्याचा त्याच्या राजाला शह होता आणि त्याच घोड्याच्या टप्प्यात त्याचा वजीरही उभा होता. राजा हलवावाच लागणार, आणि राजा हलला की वजीर जाणार. मामंजींनी वजीर मागितला असता तर शह बसलाच नसता आणि पुढच्याच खेळीत मात झाली असती. थोड्या वेळानं चॅम्पियननं उभं राहून हात पुढे केला. मामंजींनी तो हातात घेतला. हुंगला नाही, एवढं नशीब.

परतताना सगळ्यांचं एकच मत. म्हाताऱ्याला नियम ठाऊक नव्हता, आंधळ्याच्या हाती घबाड लागलं. घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. मामंजींना त्यांनी विचारलंच नाही, मला विचारलं.

"जिंकले?"

"जिंकले."

"आपल्या अकलेनं की चुकून?"

मामंजी चपला काढत होते. ते खूप वेळ चपलाच काढत राहिले. खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? पण तो रिकामा पाट माझ्या डोळ्यांपुढे आला.

"अकलेनं," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं ते अगदी मामंजींसारखं, डोळे बारीक करून. मग आत गेल्या. पापड शेवटपर्यंत गच्चीत वाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींनी समोरच्या पाटाकडे बोट केलं. "बस." पुढे कित्येक वर्षं तो पाट माझा होता. माझ्या मनात काहीतरी आहे असा संशय त्यांना रोज यायचा आणि क्वचित तो खराही असायचा.

घोड्याबद्दल मी त्यांना अनेकदा विचारलं. सवयीनं ठेवलात की जाणून? दर वेळी एकच उत्तर, "तुझी खेळी आहे."

शेवटच्या दुखण्यात डॉक्टर त्यांना तपासून बाहेर आले तेव्हा मी सांगितलं, की मामंजी औषध हुंगतात आणि बाजूला ठेवतात, वास चांगला नाही म्हणतात. डॉक्टर हसले. "वास? अहो, तपकिरीनं त्यांचं नाक कधीच गेलंय. कित्येक वर्षं त्यांना कसलाच वास येत नसणार."

मी तशीच ओट्याशी उभी राहिले. पहिल्या सकाळचा चहा आठवला, कपाच्या काठावरचे ते डोळे आठवले. दूधवाले आठवले, चॅम्पियनचा वेलदोडा आठवला. म्हणजे हा माणूस वस्तू नाकाशी धरून देणाऱ्याचं तोंड वाचत होता. आणि मी रहस्यकथा वाचत होते.

औषधाचा पेला घेऊन आत गेले. "मामंजी, नाकाचं समजलं," म्हटलं. "आता घोड्याचं सांगून टाका."

त्यांनी पेला नाकाशी नेला नाही. सरळ पिऊन टाकला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "बघू."

ते बघणं राहूनच गेलं. पट आता माझ्याकडे आहे. नातवंडं खायला काही आणून देतात तेव्हा मी ते आधी नाकाशी धरते. आजीला संशय फार, म्हणून ती हसतात. हसू देत. मला त्यांची तोंडं नीट बघायला मिळतात.