माफी नको म्हणून विडी

ती घटना आठवली की आजही आधी नाकात तंबाखूचा वास येतो, मग हसू. सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्या मुली अजून शिकत आहेत.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. आमच्या समोरच्या घरात रोज संध्याकाळी कॉलेजच्या मुली येतात, दार-खिडक्या बंद होतात, एवढ्या उकाड्यात पंखासुद्धा लावत नाहीत आणि बाहेर पडताना हात हुंगत जातात. "गांजाच असणार मॅडम," फोनवरचा म्हणाला. खबर देणारे दोन प्रकारचे असतात: ज्याला खरंच काही दिसलेलं असतं तो, आणि ज्याचं शेजाऱ्याशी नळावरून भांडण असतं तो. हा दोन्ही होता.

स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवलं आणि दोन महिला शिपाई, एक हवालदार व दोन पंच घेऊन गेले. दार उघडलं तर चार मुली मांडीवर सूप घेऊन ओळीने बसलेल्या. समोर साठीची एक मावशी. सुपात कापलेली पानं आणि भुरकट चुरा. पंचांपैकी एक पानटपरीवाला होता. त्याने चिमूट तोंडात टाकली, जरा वेळ डोळे मिटले आणि सांगितलं, "तंबाखू हाय. कडक हाय." पंचनाम्यात 'कडक' लिहायचं का, असं हवालदाराने मला विचारलं.

मुली विड्या वळत होत्या. तशा विड्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एक मिरचीसारखी वाकडी, एक पुंगीसारखी फुगलेली. पंख्याचाही उलगडा झाला. पंखा लावला की तंबाखू उडतो.

बायका-मुलींना ठाण्यात नेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चौकशी तिथेच, एकेकीला स्वयंपाकघरात बोलावून केली. चौघींनी एकच वाक्य म्हटलं: "आम्ही विडी कामगाराच्या मुली आहोत." चार माणसं एकच वाक्य शब्द न बदलता बोलली, की ते पाठ करून घेतलेलं असतं. मावशीला मुली किती म्हणून विचारलं. एकही नाही म्हणाली, दोन मुलगे आहेत, पुण्याला असतात.

"मग या कोण?"

"आता शिकायला बसल्या म्हंजे माझ्याच की," मावशी म्हणाली. "इतक्या वर्षांत कुणी शिकायलाच बसलं न्हाय बघा."

चौघींत मोहोळकडची एक मुलगी होती. बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या, ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. अशा माणसाला घाई असते आणि घाईतलं माणूस लवकर बोलतं. तिला पाणी दिलं, तेवढं पुरलं. इंजिनिअरिंगला सरकारी फेरीतून नंबर लागला होता. सोमवारपर्यंत फीचं काही झालं नाही तर प्रवेश जाणार होता आणि ती गावी परत. होस्टेलवरच्या एका सीनियरने सांगितलं होतं, की विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती असते, पण मुलाखतीत विडी वळून दाखवावी लागते. शिष्यवृत्ती खरी होती. मुलाखत सीनियरच्या डोक्यातली. या मावशीकडे कामगाराचं कार्ड होतं आणि मन मोठं होतं.

"अगं, तुझ्यासारख्या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना फी माफ आहे. कॉलेजच्या फळ्यावर लिहिलेलं असेल."

"हाय की. वाचलंय मी."

"मग अर्ज?"

ती पुटपुटली, "आप्पा म्हणले, माफी मागायला आपण काय चोरी केलीय? मिळवायची तर स्कॉलरशिप मिळव. ती हुशारीची असती."

माझ्या सगळ्या तपासात इतका साधा हेतू कधी हाती लागला नव्हता. एका शब्दापायी हा माणूस पोरीचं इंजिनिअरिंग घालवायला निघाला होता. मी तिथूनच आप्पांना फोन लावला, हुद्दा सांगितला आणि मुलगी विड्यांसह सापडल्याचं कळवलं.

"माझी पोरगी विडी वढती?"

"ओढत नाही, वळते."

"कशापायी?"

"तुम्हाला माफी नको म्हणून."

पलीकडे म्हैस रेकली, तिला आप्पांनी दटावलं. मग म्हणाले, "मॅडम, माफी करा."

"मी नाही, सरकार करतं. उत्पन्नाचा दाखला घेऊन उद्या सकाळी कॉलेजात या."

शिष्यवृत्तीचा खोटा अर्ज अजून कोणीच भरलेला नव्हता, त्यामुळे गुन्हाही घडलेला नव्हता. सकाळी चौघींना जीपमधून कॉलेजात नेलं. पोलिसांच्या गाडीतून मुली उतरताना पाहून खिडकीतला कारकून उभाच राहिला, आणि कोणाला काय लागू होतं ते न खेकसता सांगितलं. तिघींसाठी वेगवेगळ्या योजना निघाल्या. मोहोळच्या मुलीचा माफीचा अर्ज गेला. शिक्षण शुल्कासाठी आता अडवता येणार नाही, असं कारकुनाने स्वतःच सांगितलं. प्रवेश राहिला. आप्पा नवी टोपी घालून आले होते आणि फॉर्मवरच्या 'माफी' या शब्दावर त्यांनी पूर्ण वेळ अंगठा दाबून धरला होता.

या प्रकरणातून एक शिकले. वाकड्या वाटेने निघालेल्या माणसाला दरडावण्याआधी, सरळ वाटेवर काय अडलं ते विचारावं. कधी पैसा असतो, कधी भीती, कधी नुसता एक शब्द. तेव्हापासून कॉलेजात भाषणाला बोलावलं की मी सायबर गुन्ह्यांआधी फीमाफीवर बोलते. प्राचार्य घड्याळाकडे बघतात. बघू देत.

मोहोळची मुलगी आता पुढच्या वर्षात गेली आहे. मावशी मात्र अजून माझ्यावर नाराज आहे. मध्यंतरी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, त्या पोरीची विडी शेवटी शेवटी सरळ यायला लागली होती, आणि तुमी नेमकी तवाच धाड टाकली.